सांगणे, ऐकणे आणि घट : शब्दांकित आत्मकथनांचा एक इतिहास

१

आत्मचरित्राची समीक्षा करताना ‘प्रांजळपणा’ हा शब्द आपण इतक्या सहजपणे वापरतो, की तो नेमका कशाचा गुण आहे, हा प्रश्न बहुधा उपस्थितच होत नाही. लेखकाने स्वतःविषयी काही लपविले नाही, म्हणजे लेखन प्रांजळ ठरले, अशी आपली धारणा असते. या धारणेत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. सांगणारी व्यक्तीच लिहिणारी व्यक्ती आहे, हे पहिले गृहीत. सत्य तिच्याजवळ आधीच घडीव स्वरूपात असून ते उघड करण्याचे धैर्य तेवढे हवे, हे दुसरे. ज्यांनी सवडीने, एकांतात आणि अक्षरओळखीच्या बळावर आपले आयुष्य लिहिले, त्यांच्यापुरती ही गृहीते कदाचित चालतील. मात्र मराठीतील खडतर आयुष्यांच्या कितीतरी कहाण्या प्रथम बोलल्या गेल्या आणि मग लिहिल्या गेल्या. अनेकदा त्या दुसऱ्याच्या हाताने लिहिल्या गेल्या.

फ्रेंच समीक्षक फिलिप लज्यून यांनी १९७५ साली आत्मचरित्राची व्याख्या लेखक आणि वाचक यांच्यातील एका ‘करारा’च्या रूपात मांडली. लेखक, निवेदक आणि नायक या तिघांचे नाव एकच आहे, हे त्या कराराचे मुख्य कलम होय. शब्दांकित आत्मकथनात हे कलमच मोडते. तेथे आयुष्य एकाचे, शब्द काही प्रमाणात दोघांचे आणि लेखणी तिसऱ्याच अधिकाराची असते. अशा संहितेत प्रांजळपणाचे श्रेय एकट्या निवेदकाला देता येत नाही. तो सांगणारा आणि ऐकणारा यांच्या नात्यात घडतो. नाते बदलले की सांगण्यातील सत्याची व्याप्तीही बदलते. म्हणून अशा आत्मकथनांचा इतिहास हा ऐकणाऱ्यांचाही इतिहास ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचे काही टप्पे पाहून, अखेरीस कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरीच्या संदर्भात या विधानाचा व्यवहारातील अर्थ तपासावयाचा आहे.

२

विचारून, ऐकून आणि जुळवून चरित्र सिद्ध करण्याची पद्धत मराठी गद्याच्या उगमाशीच सापडते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा एकत्र केल्या, त्या नागदेवाचार्यांना आणि इतर प्रत्यक्षदर्शींना विचारून. पुढे महानुभाव परंपरेने ‘वासना’ या संज्ञेखाली आठवणींतील पाठभेद जपले. अमुक पाठ कोणाच्या स्मरणानुसार आहे, याची नोंद संहितेतच राहू दिली. दोन आठवणी जुळत नाहीत म्हणून एक पुसून टाकावी, असे त्या संकलकांना वाटले नाही. ऐकीव साहित्याच्या संपादनाचा इतका काटेकोर आदर्श घरातच असताना विसाव्या शतकातील शब्दांकनकारांनी त्याचा फारसा विचार केला नाही, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

दुसरे उदाहरण संत बहिणाबाईंचे. सतराव्या शतकातील या कवयित्रीच्या आत्मपर अभंगांत कोल्हापूरच्या वास्तव्याला मध्यवर्ती स्थान आहे. जयरामस्वामींची कीर्तने, वासराचा लळा आणि त्याचा मृत्यू, कीर्तनाच्या ओढीपायी पतीकडून झालेली मारहाण, स्वप्नात तुकारामांकडून मिळालेला उपदेश, हा सारा भाग तेथे घडतो. पतीच्या हिंसेचा असा स्पष्ट उल्लेख त्या काळातील स्त्रीच्या वाणीत दुर्मिळच म्हणावा लागेल. त्यांच्याच रचनेत संवादाचे आणखी एक रूप आहे. अंतकाळी मुलगा विठोबा आईजवळ येतो आणि ती त्याला आपल्या बारा पूर्वजन्मांची हकीकत सांगते. येथे ऐकणारा संहितेच्या आत, नावानिशी उपस्थित आहे. या संवादाचा विषय मात्र पूर्वजन्म हा आहे. संसारातील जे दुःख अभंगातून भाविक श्रोत्यांसमोर मोकळे होते, ते मुलासमोरच्या निरोपाच्या बोलण्यात केंद्रस्थानी राहत नाही. निवेदक तीच आहे, तिचे धैर्यही तेच आहे. श्रोता बदलला आणि सांगण्याचा विषय बदलला. प्रांजळपणा केवळ स्वभावगुण असता, तर या फरकाचा उलगडा झाला नसता.

३

आधुनिक काळात या प्रश्नाला निराळे वळण मिळते ते हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’मुळे. ‘संत सखू’ (१९४१) आणि ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) या चित्रपटांतून नावारूपाला आलेल्या या अभिनेत्रीने आपले आयुष्य अरुण साधू यांना सांगितले. ‘माणूस’मधून ते वाचकांपुढे आले आणि १९७० साली पुस्तकरूप झाले. बालवयात अंगावर पडलेला कुटुंबाच्या चरितार्थाचा भार, संशयाने पोखरलेला संसार, घर सोडून मराठवाड्यातील एका खेड्यात काढलेला काळ, पुरुषांकडून झालेले अत्याचार आणि मद्याचे व्यसन हे सर्व त्यात आहे. स्वतःची कीव नाही आणि समर्थनाचा आटापिटाही नाही. श्याम बेनेगल यांच्या ‘भूमिका’ (१९७७) या हिंदी चित्रपटाचा आधार हेच पुस्तक होते.

पुस्तकाचे शीर्षक अनंत माने यांच्या १९५९ सालच्या चित्रपटाचे आहे. पुण्याच्या ‘विजयानंद’मध्ये १३१ आठवडे चाललेला हा तमाशापट वाडकरांच्या यशाचा कळस होता. शीर्षकातील दोन्ही क्रियापदे बोलकी आहेत. ‘सांगत्ये’ या रूपात प्रथमपुरुषी स्त्रीचा आवाज आणि बोलीचा उच्चार आहे. ‘ऐका’ हे आवाहन थेट व्रतकहाण्यांच्या परंपरेतले असून तेथेही कथनाची सुरुवात श्रोत्याला हाक देऊनच होते. म्हणजे शीर्षकात सांगणारी आणि ऐकणारे दोघेही आहेत. आतील संहितेत मात्र प्रत्यक्ष ऐकणारा, म्हणजे पुढे ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ लिहिणारा पत्रकार, दिसेनासा होतो. त्याचे प्रश्न वगळले गेले आहेत, केवळ उत्तरे सलग झाली आहेत. कोणती आठवण आपणहून आली आणि कोणती विचारल्यावर, कोठे बाई थांबल्या, कोणत्या प्रसंगाकडे पुन्हा वळल्या, हे वाचकाला कळण्याचा मार्ग उरत नाही.

याचा अर्थ संहिता अविश्वसनीय आहे, असा नव्हे. साधूंनी निवेदनाची बोलीतील लय आणि वाक्यांचा तुटकपणा राखला, हे त्यांचे श्रेयच आहे. तथापि या पुस्तकाविषयी लिहिताना ‘धीट’, ‘बेधडक’ ही विशेषणे एकट्या वाडकरांना लावली जातात, तेव्हा त्या धीटपणाला वाव देणारी परिस्थिती विचाराबाहेर राहते. चित्रपटसृष्टीतील उमेदीची वर्षे मागे पडलेली स्त्री, तिच्या कुटुंबाशी वा व्यवसायाशी हितसंबंध नसलेला तरुण श्रोता आणि छापण्यास तयार असलेले साप्ताहिक, ही तीन बाजूंची जुळणी नसती, तर तेच आयुष्य तसेच सांगितले गेले असते काय?

४

या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर बेबी कांबळे यांच्या उदाहरणात मिळते. ‘जिणं आमचं’ हे शब्दांकन नव्हे. ते त्यांनी स्वतः लिहिले. फलटणला छोटे दुकान चालवीत असताना त्या लिहीत राहिल्या आणि घरातल्यांच्या नजरेपासून ते कागद सुमारे वीस वर्षे दडवून ठेवले. मॅक्सिन बर्नसन यांच्या आग्रहामुळे ते लेखन प्रकाशात आले. १९८२ साली ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः छापले गेले आणि १९८६ साली त्याचे पुस्तक झाले. महार समाजाचे जिणे, त्यातील सुनांचा छळ, उपासमार आणि आंबेडकरी चळवळीने आणलेली जाग हा त्याचा विषय आहे. शीर्षकातील ‘आमचं’ हे सर्वनाम त्या लेखनाची भूमिका सांगते.

या पुस्तकात लेखिकेचा स्वतःचा संसार जवळजवळ नाही. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली आला, त्याला अनुवादिकेने घेतलेली दीर्घ मुलाखत जोडलेली आहे. पती संशयावरून आपल्याला मारहाण करीत असे, हे बेबीताईंनी त्या मुलाखतीत सांगितले. पुस्तकात ते का आले नाही, याचा खुलासाही त्यांच्या बोलण्यातून होतो : लिहावयाचे होते ते समाजाचे दुःख, आणि असा मार तर बहुतेक बायकांच्या वाट्याला येत होता.

येथे एकाच व्यक्तीची दोन निवेदने आपल्यासमोर आहेत. पहिल्यात ती अप्रामाणिक होती आणि दुसऱ्यात प्रांजळ झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पहिल्या निवेदनाचा श्रोता संपूर्ण समाज होता. त्याच्यासमोर स्वतःच्या घरातील पुरुषावर बोट ठेवले, तर सवर्ण वाचक त्याचा कोणता अर्थ लावील, ही चिंता दलित लेखिकेला टाळता येण्यासारखी नव्हती. दुसऱ्या निवेदनात समोर प्रश्न विचारणारी स्त्री होती, मध्ये दोन तपांहून अधिक काळ गेला होता आणि पुस्तकाने आपले कार्य केलेले होते. जे पुस्तकात बसले नाही, ते संभाषणात बसले. हे संभाषण मराठी पुस्तकाचा भाग नसून इंग्रजी अनुवादाच्या अखेरीस आहे, ही परिस्थिती मराठी अभ्यासकाला अंतर्मुख करणारी आहे.

५

ऐकणाऱ्याच्या जागी कोण बसतो, याचे महत्त्व ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) या ग्रंथातून पद्धतशीरपणे सिद्ध केले. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या सहभागाचे लिखित पुरावे तुटपुंजे होते. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली. तरी चळवळीच्या इतिहासलेखनात तिला एखाद्या ओळीपलीकडे क्वचितच जागा मिळत असे. पवार आणि मून त्या पिढीतील स्त्रियांना शोधत गावोगाव गेल्या आणि त्यांच्याशी बोलल्या. त्या बोलण्यातून हमाली करीत शिकून शाळा काढणाऱ्या जाईबाई चौधरी इतिहासात आल्या. दोन्ही लेखिका चळवळीच्या पुढच्या पिढीतल्या होत्या. त्यामुळे अनेक गोष्टी समजावून सांगण्याचे ओझे सांगणाऱ्या स्त्रियांवर नव्हते, आणि अनुभवाचे जे तपशील त्रयस्थ माणसाला क्षुल्लक वाटले असते, ते येथे विचारले गेले.

या संदर्भात शांताबाई दाणी यांचे ‘रात्रंदिन आम्हा’ हे भावना भार्गवे यांनी शब्दांकित केलेले आत्मकथन अवश्य वाचावे. एकाच चळवळीतील स्त्रियांची आयुष्ये एकीकडे मुलाखतींच्या सामूहिक चौकटीत आणि दुसरीकडे एका स्वतंत्र ग्रंथाच्या चौकटीत उभी राहतात. पहिल्या चौकटीत व्यक्ती ही चळवळीची साक्ष होते, तर दुसरीत चळवळ ही व्यक्तीच्या आयुष्याची संगती होते. दोन्ही प्रकारची संहिता आवश्यक आहे. मात्र दोन्हींना एकच मोजमाप लावता येणार नाही.

६

आतापर्यंतची उदाहरणे अशांची आहेत, ज्यांच्यापर्यंत कोणीतरी ऐकणारा पोहोचला. हुपरीचा विचार करावयाचा तो यासाठी, की प्रसिद्धी आणि मौन तेथे शेजारी शेजारी नांदतात. हातकणंगले तालुक्यातील हे गाव ‘चंदेरी नगरी’ म्हणून ख्यात आहे. येथील पैंजण आणि इतर चांदीचे दागिने देशभर जातात. रेंदाळसारखी आसपासची गावेही या उद्योगाशी जोडलेली आहेत. या उद्योगाचा इतिहास लिहिला जातो, तो बाजारपेठांचा, भावांच्या चढउताराचा आणि कर्तबगार उद्योजकांचा. व्यापारी, त्याच्याकडून चांदी घेऊन माल घडवून देणारा धडी उत्पादक आणि प्रत्यक्ष घडविणारा कारागीर या साखळीत कागदावर नाव उमटते ते वरच्या दोन कड्यांचे. चांदी आटविणे, तार ओढणे, घुंगरू करणे, सांधे जोडणे, घासणे, चमक देणे ही कामे घराघरांत विभागलेली असतात, आणि त्यांत स्त्रियांचे हात मोठ्या प्रमाणावर गुंतलेले असतात. ज्या घरात चूल तेथेच भट्टी, अशा जागी गेलेल्या आयुष्यांची शब्दांकित कहाणी मराठी वाचकासमोर आलेली नाही.

ती आणावयाची, तर पूर्वीच्या उदाहरणांनी शिकविलेला धडा येथे उपयोगी पडावा. उचल दिलेल्या मालकाच्या ओळखीने गेलेल्या अभ्यासकाला कारागीर मजुरीविषयी मोकळेपणाने सांगेल, ही अपेक्षा भाबडी आहे. सासू आणि मुले भोवती बसलेली असताना घरातील बाई, आपल्या कामाला ‘काम’ तरी म्हणेल काय, याचीच शंका आहे. अशा वेळी मिळालेले त्रोटक उत्तर म्हणजे सांगण्यासारखे काही नसल्याचा पुरावा नव्हे. तो ऐकण्याच्या जागेविषयीचा पुरावा असतो. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे क्षेत्र दूरचे नाही. त्यांच्यापैकी कित्येकांच्या घरीच ही भाषा बोलली जाते. पवार आणि मून यांना जी जवळीक मिळाली, ती त्यांना सहज मिळू शकते.

चांदीच्या व्यवहारातील दोन शब्द समीक्षेने उसने घेण्यासारखे आहेत. चांदीची शुद्धता ‘टंचा’वरून ठरते, ती विकणाऱ्याच्या शब्दावर कोणी मान्य करीत नाही. आणि घडणीच्या प्रत्येक पायरीवर धातूची काही ‘घट’ होते, हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे चांदी देताना वजन होते, दागिना परत घेताना वजन होते, आणि मधल्या घटीचा हिशेब मांडला जातो. घट होणे हा तेथे दोष मानला जात नाही. तिचा हिशेब न देणे हा मात्र दोषच ठरतो. बोललेल्या आयुष्याचे पुस्तक होताना घट अटळ आहे. प्रश्न गळतात, मौन गळते, पुनरुक्ती गळते, बोलीचे काही उच्चार गळतात. शब्दांकनकाराने आपण काय विचारले, कोणासमोर विचारले, काय वगळले आणि सांगणाऱ्या व्यक्तीने मजकूर पुन्हा ऐकला की नाही, एवढे नोंदविले, तरी वाचकाला त्या घटीचा अंदाज येईल. महानुभाव संकलकांनी आपल्या परीने हा हिशेब ठेवला होता.

आपले खडतर आयुष्य परक्या माणसासमोर उलगडणारी व्यक्ती मोठी जोखीम पत्करते. बदनामीची, घरातील कलहाची, रोजगार तुटण्याची किंमत तिला द्यावी लागते. ऐकणाऱ्याला आणि समीक्षकाला ती द्यावी लागत नाही. म्हणून तिच्या धैर्याची स्तुती करून थांबणे ही समीक्षेची सोयीस्कर पळवाट ठरते. तिने जेवढे सांगितले, त्यातले किती आपल्यापर्यंत पोहोचले, आणि उरलेले कोणाच्या हातून गळले, हे विचारणे हे समीक्षेचे काम आहे.