जखम खरी, पण कागद कुठे आहे?

अमेरिकेच्या यादवी युद्धाचा (१८६१-१८६५) इतिहास आम्हाला लिंकन, ग्रँट आणि ली यांच्या नावांनी शिकवला जातो. परंतु उत्तरेच्या फौजेत लढलेल्या सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिकांचे पुढे काय झाले, हे कोणी सांगत नाही. त्यांपैकी बहुसंख्य कालपर्यंत गुलाम होते. सुमारे ४० हजार जण मेले, आणि त्यांतले बहुतेक गोळीने नव्हे, तर रोगराईने. जे वाचले त्यांतले कित्येक लंगडत, खोकत घरी परतले. त्यांचे दुसरे युद्ध तेव्हा सुरू झाले.

१४ जुलै १८६२ चा पेन्शन कायदा वर्णभेद करीत नव्हता. पूर्ण अपंग झालेल्या साध्या शिपायाला महिना ८ डॉलर, मग तो गोरा असो वा काळा. पगारात मात्र उघड भेद होता. गोऱ्याला १३ डॉलर आणि काळ्याला कपड्यांचे कापून ७ डॉलर. १८६४ मध्ये काँग्रेसला तो भेद मिटवावा लागला. मग पेन्शनचा कायदा समान असताना अन्याय झाला कसा?

तो पुराव्याच्या अटीत झाला. जखम किंवा आजार सैन्यसेवेतच झाला, हे अर्जदाराने सिद्ध करायचे होते. त्यासाठी इस्पितळाची नोंद, अधिकाऱ्याची साक्ष, डॉक्टरांची तपासणी लागे. ज्याच्यावर छावणीतच जुजबी उपचार झाले, त्याची नोंद कोण ठेवणार? अनेकांची भरती मालकाच्या आडनावाने झाली होती. मुक्त झाल्यावर त्यांनी बापाचे आडनाव लावले, तर कार्यालय विचारू लागले, हा माणूस तोच कशावरून? जन्मतारीख विचारली, तर ती असलीच तर मालकाच्या वहीत. म्हणजे ज्याने गुलाम म्हणून राबवले, त्याच्याच घराण्याची साक्ष काढायला हा जखमी सैनिक जाणार! विधवांची गत याहून वाईट. गुलामांच्या लग्नाला कायदा लग्नच मानत नव्हता. आता तोच कायदा लग्नाचा दाखला मागत होता. त्यासाठी पुढे खास तरतूद करावी लागली.

अक्षरओळख नाकारलेला माणूस अर्जावर फुली करणार, आणि मधला दलाल त्याच्या पैशावर हात मारणार. वर चौकशी अधिकारी गावात येऊन त्याच्या चारित्र्याची चौकशी करणार.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. इतिहासकार डोनाल्ड शॅफर यांनी तपासलेल्या नमुन्यात गोऱ्या सैनिकांपैकी सुमारे ९२ टक्के जणांचा किमान एक अर्ज मंजूर झाला होता. कृष्णवर्णीयांत हे प्रमाण सुमारे ७५ टक्के होते. कायदा एक, जखम एक, युद्ध एक. फरक कुठून आला, हे वेगळे सांगायला नको.

तरीही आम्ही या इतिहासाला केवळ रडगाणे मानत नाही. नकार आला तरी हे लोक पुन्हा अर्ज करीत राहिले, जुने सोबती शोधून साक्षी मिळवत राहिले. १८९० च्या कायद्याने युद्धातच अपंगत्व आल्याची अट काढली, तेव्हा अनेकांना दार उघडले. आणि ज्या चौकश्या त्यांच्यावर संशय घेण्यासाठी झाल्या, त्यांचीच कागदपत्रे आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गुलामांच्या कुटुंबांचा मोठा इतिहास सांगतात.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. त्या लोकांत स्वतः बंदूक उचललेला गुलामही आम्ही मोजतो. मुक्ती त्याला कोणी दान दिली नाही. त्याने तिची किंमत अंगावर सोसली.

म्हणून समान कायदा झाला म्हणजे समता आली, असे मानणाऱ्यांना आमचा एवढाच प्रश्न आहे: पिढ्यान्‌पिढ्या ज्याला कागद मिळू दिला नाही, त्याच्याकडेच कागद मागणे हा न्याय कसा?