चिंध्यांचं भाडं

गेल्या डिसेंबरात अकोल्यात एका ड्रेपरीच्या दुकानात उभा होतो. पोराच्या शाळेत संतांची वेशभूषा होती आणि आमच्या वाट्याला गाडगेबाबा आले होते. ठिगळांचा अंगरखा, गाडगं आणि खराटा, एका दिवसाचं भाडं तीनशे रुपये. डिपॉझिट वेगळं. घरच्या जुन्या गोधडीत काम भागलं असतं, पण ग्रुपवर मेसेज होता : "वेशभूषा आकर्षक असावी."

बाजूला एक ऑटोवाले भाऊ उभे होते. म्हणाले, "चिंध्यायचं भाडं भरून रायलो बाप्पा आपण!"

हसलो दोघंही. पण घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही.

गाडगेबाबा आपल्याच वऱ्हाडातले. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मले आणि 20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ गेले. कीर्तनात ते काय सांगायचे? जेवायचं ताट मोडा, हातावर भाकर खा, बायकोला कमी भावाचं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घाला. म्हणजे कपड्यावरचा पैसा वाचवून शाळेत लावा. आपण आता शाळेसाठीच कपड्यावर पैसा लावतो, तोही त्यांच्याच नावानं.

वर्गणीचंही तसंच. त्याच आठवड्यात पोराच्या दप्तरात लकी ड्रॉच्या वीस तिकिटांचं पुस्तक आलं. "गॅदरिंगचा निधी." ज्यांचे पैसे आले नाहीत, त्या मुलांची नावं दोन दिवसांनी ग्रुपवर पडली.

कुणी म्हणेल, शाळा लोकवर्गणीवरच उभ्या राहिल्या ना? राहिल्या, आणि त्याचा अभिमानही आहे. पंजाबराव देशमुखांनी 1932 साली अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था काढली, ती शेतकऱ्यांची पोरं शिकावीत म्हणून. तिकडे साताऱ्याकडे भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था सुरू केली. तिच्यासाठी मुष्टिफंड होता : घरची बाई दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायची. वसतिगृहातली पोरं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी स्वतःचं मंगळसूत्र विकलं. गाडगेबाबांनी तर लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतः मात्र फुटक्या गाडग्यात जेवले.

फरक इथं आहे. मुष्टिफंडात ज्याची त्याची मूठ होती, ज्याच्या त्याच्या ऐपतीची. आज सगळ्यांना एकच आकडा आणि तो वसूल करायला मधे पोरगं. तेव्हा मोठी माणसं पोरांसाठी हात पसरायची. आता तिकिटाचं पुस्तक घेऊन पोरगं शेजाऱ्यांपुढे उभं राहतं.

कायदा? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं प्रवेशाच्या वेळी देणगी घ्यायला बंदी केली. पण प्रवेश असतो जूनमध्ये. डिसेंबरातल्या या 'ऐच्छिक' वर्गणीचं काय? ऐच्छिक म्हणायचं आणि नाव ग्रुपवर टाकायचं, यात इच्छा कुणाची?

म्हणून पालक सभेत तीनच गोष्टी मागू या. वेशभूषा घरच्या कपड्यातली. वर्गणी बंद पाकिटात, ज्याला जमेल तेवढी. आणि पैशासाठी कुठल्याही लेकराचं नाव घ्यायचं नाही.

मी बोलणार आहे. पण एकट्यानं बोललं की "याले परवडत नाही" म्हणतात. चौघं उठले तर ऐकावं लागते.

गाडगेबाबांना भाड्यानं आणायची गरज नाही हो. ते आपल्या घरच्या गोधडीतच आहेत.