पाणी उडते, मीठ राहते

उजनीच्या काठावर मासा म्हटले की जाळे, होडी आणि बाजार आठवतो. १९८० मध्ये धरण पूर्ण झाले, भीमेचे पाणी रानांवर आणि गावठाणांवर पसरले. त्यानंतर इथल्या कित्येक घरांची चूल मासेमारीवर पेटू लागली. अशा मुलखात मासा काचेच्या टाकीत ठेवून नुसता पाहत बसायचे म्हटले, तर लोक हसणारच. त्यातून ती टाकी खाऱ्या पाण्याची, आणि समुद्र तर सह्याद्रीच्या पलीकडे!

पण आमच्या घरात अशी टाकी आहे. माझे थोरले बंधू, म्हणजे आमचे भाईजान, नोकरीपायी मुंबईत राहिले आणि तिथेच त्यांना हा नाद लागला. मुंबईत चर्नी रोडजवळ तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. उद्‌घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केले होते. एका पारशी दात्याच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या वास्तूत मुंबईकरांच्या अनेक पिढ्यांनी समुद्राच्या पोटातले रंग पहिल्यांदा पाहिले. भाईजान त्यांतलेच एक. पुढे संसाराच्या धबडग्यात टाकी माळ्यावर गेली. निवृत्तीनंतर ते गावी परतले आणि नातवंडांना हाताशी घेऊन ती पुन्हा मांडली.

या छंदाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १८४६ मध्ये ॲना थिन नावाच्या एका इंग्रज बाईंनी समुद्रकाठचे जिवंत प्रवाळ लंडनला घरी आणले. पाण्यात हवा खेळती राहावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. आज हे काम विजेचा पंप करतो. इतिहासात नाव बाईसाहेबांचे राहिले, पण प्रवाळ जगले ते त्या ओतणाऱ्या हातांवर. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडले. त्यामागे फिलिप गॉस हे निसर्ग-अभ्यासक होते. दुसऱ्या वर्षी त्यांचे पुस्तक आले आणि ‘ॲक्वेरियम’ हा शब्द घरोघरी पोहोचला. समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठी क्षार मिसळून समुद्राचे पाणी घरीच कसे करावे, याची कृतीही गॉस यांनी दिली.

तेव्हा आमच्या गावात समुद्र आला, तो पुडीतून आला. एक लिटर पाण्याला साधारण पस्तीस ग्रॅम क्षार. स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम असे बरेच काही लागते. खारेपणा मोजायला नळी असते. डेअरीत दुधात पाणी घातले आहे का हे पाहायला जी नळी तरंगवतात, तिचीच ही बहीण. मासे लगेच सोडायचे नाहीत. माशांच्या विष्ठेतून विषारी अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग सौम्य नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत रुजायला महिना-दीड महिना लागतो. मुलांना धीर शिकवायला याहून चांगली शाळा मला ठाऊक नाही. प्रवाळ मात्र घरात आणायचे नाहीत. २००१ पासून आपल्या वन्यजीव कायद्याने त्यांना कडक संरक्षण दिले आहे.

परवा नातीने विचारले, “टाकीतले पाणी कमी होते, मग खारेपणा का वाढतो?” भाईजान म्हणाले, “पाणी उडून जाते, बेटा. मीठ कुठे जाणार?” म्हणून घट भरून काढायची ती गोड्या पाण्याने. पण तेवढ्यानेही भागत नाही. ठरावीक दिवसांनी थोडे जुने पाणी बाहेर काढावेच लागते, नाहीतर मळ साचत जातो.

हे ऐकले आणि मला आमची रानेच डोळ्यांपुढे दिसली. कालव्याच्या नि विहिरीच्या पाण्यात थोडे क्षार असतातच. उसाला पाटाने भरपूर पाणी द्यावे, काळ्या रानाला निचरा नसावा, वरून उन्हाने पाणी ओढून घ्यावे. मग काही वर्षांत रानात मीठ फुटते, जमीन क्षारपड होते. तिला आणखी पाणी पाजून उपयोग नाही. चर काढून, निचरा करून क्षार बाहेर घालवावे लागतात. टाकीचा आणि शिवाराचा नियम एकच आहे.

आमच्याकडे दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न असतो, “धरण किती टक्के?” ११७ टीएमसीचे हे धरण, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. ते वजात गेले की काळीज हलते, शंभरावर गेले की पेढे वाटतात. ही चौकशी खरीच आहे. पण पातळी म्हणजे सारे पाणी नव्हे. आले किती, याच्या जोडीला मागे काय राहिले हेही विचारायला हवे. आमच्या घरातली पोरे ते आता रोज विचारतात. बांधावरच्या मोठ्यांनीही विचारायला लागावे, एवढेच मागणे आहे.