काम कोणी सांगत नसे

कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत वाढलेल्या आम्हा पोलिओ झालेल्या मुलांना माया भरपूर मिळायची, काम मात्र कोणी सांगत नसे. आषाढात कुबडीचं टोक बांधावरच्या चिखलात रुतलं, की वडील उचलून ओटीवर नेऊन बसवायचे. तांदळाची भाकरी थापायला कोण शिकवणार? माझ्या मते खरं अपंगत्व तिथूनच सुरू व्हायचं.

कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांना हे स्वानुभवाने ठाऊक होतं. ऐन तारुण्यात त्या चाकाच्या खुर्चीवर आल्या, तरी सरकारी नोकरी केली. १९८४ मध्ये सहकाऱ्यांसह त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. वसतिगृह, शाळा, पुढे सिंधुदुर्गात ‘स्वप्ननगरी’ आणि तिथला काजूप्रक्रिया उद्योग. अपंगांना समान संधी देणारा केंद्राचा कायदा मात्र संस्थेच्या स्थापनेनंतर अकरा वर्षांनी आला, १९९५ मध्ये!