वसईच्या घंटा

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे वसईचा कोट पडला, तेव्हा तोफा, दारूगोळा आणि मुलूख यांबरोबर असा एक जिन्नस सरकारच्या हाती लागला, की त्याची किंमत वजनावर करावी की नादावर, याचा निवाडा कोणत्याही कारकुनास सोपा नव्हता. पोर्तुगीज फिरंग्यांच्या चर्चांमधील घंटा त्या.

कॅथलिक उपासनेत घंटेचे काम केवळ इशाऱ्याचे नाही. त्या काळी टांगण्यापूर्वी तिला पवित्र जलाने स्नान घालीत, तेलाचे लेपन करीत, पुष्कळदा एखाद्या संताचे नावही देत. आणि प्रातःकाळी, मध्यान्ही व सायंकाळी तिचा नाद कानी पडला, की भाविक हातचे काम थांबवून मरियेचे स्मरण करतो. युरोपातील प्रबोधनकालीन कारागिरांनी स्तोत्रांतील झांजा आणि शिंगे डोळ्यांना दिसावीत म्हणून वाद्ये वाजविणारे देवदूत घडविले. घंटेत मात्र मूर्ती आणि नाद एकाच ओतकामातून जन्मतात. वसईच्या लुटीतल्या काही घंटा पुढे देवळांत टांगल्या गेल्या. वाईजवळ मेणवलीस, कृष्णाकाठी नाना फडणिसांच्या वाड्यामागच्या घाटावर जी घंटा आहे, तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मरिया उठावात दिसते आणि सन दिसतो १७०७. नाशकास नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ त बांधविलेल्या रामेश्वराच्या देवळावरील घंटेचा सन १७२१; गोदेचे पाणी कोठवर चढले हे नाशिककर तिच्यावरून सांगत आले. भीमाशंकरासही अशीच एक आहे.

 

चर्चची घंटा देवळात टांगण्याच्या पेशवाईतील या व्यवहाराचे मर्म कळण्यास थोडा धातुविचार हवा. घंटेच्या काशात तांब्याच्या सुमारे चार भागांस कथलाचा एक भाग असतो, म्हणून ते खणखणते, परंतु ठिसूळही असते. तोफेस स्फोट सोसावयाचा, म्हणून तिच्यात कथील सुमारे दशांश. अधिक तांबे घातले की घंटेची तोफ ओतता येते, आणि युरोपात तर जिंकलेल्या शहरातील घंटांवर तोफखान्याच्या सरदाराचा हक्कच मानीत असत. तोफांची निकड असलेल्या त्या काळात या घंटा भट्टीत गेल्या नाहीत आणि त्यांवरील मरिया किंवा ख्रिस्ती सन कोणी कानशीने घासून काढला नाही, याला निव्वळ विजयचिन्हाची हौस म्हणणे मला पटत नाही. लुटीतले निशाण मिरविण्यापुरते असते. त्याला नित्याच्या पूजेत कोणी घेत नाही. जिंकणाऱ्यांनी या वस्तूचे उपासनेतील काम ओळखले आणि तिला त्याच कामावर रुजू केले. फरक पडला तो वाजविण्याच्या रीतीत: चर्चच्या मनोऱ्यात घंटेचा दोर एकाच्या हाती असतो आणि ती साऱ्या गावास बोलावते, देवळात जो येईल तो लोलक हलवून आपण आल्याची वर्दी देवास देतो.