रुपयामागे एक आणा



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय नेमून दिला तो 'दीर्घकालीन आर्थिक स्थैर्य आणि गुंतवणूक' असा. विषय ऐकून प्रथम मला हसू आले. मी सारी हयात कारखान्यांच्या दरवाज्यांवर सभा घेण्यात घालवली, आणि ज्यांच्यापुढे बोललो त्यांच्यापाशी महिनाअखेर गुंतवण्याजोगे काही उरतच नसे. शाळेचाही माझा संबंध आठवीपाशी तुटला. पुढचे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतील कपाटातले. तेव्हा हा विषय मला ठाऊक आहे तो एका नाण्याच्या बाजूने. ते नाणे म्हणजे आणा. तो आता चलनात नाही, म्हणून तरुण श्रोत्यांसाठी सांगतो: रुपयाचे सोळा आणे होत, आणि रुपयामागे एक आणा म्हणजे शेकडा सव्वासहा.

हा आणा कामगाराच्या घरात दोनदा आला. पहिल्यांदा आला तो सावकाराच्या हाताने.

1929 साली सरकारने हिंदी कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक रॉयल कमिशन नेमले. अध्यक्षाच्या नावावरून त्याला व्हिटली कमिशन म्हणतात. त्याचा अहवाल 1931 साली आला. बहुसंख्य कामगार आयुष्याचा मोठा भाग कर्जात काढतात, आणि सर्रास आढळणारा व्याजाचा दर म्हणजे दरमहा रुपयामागे एक आणा, असे त्यात नमूद आहे. हिशेब करून पाहा. शंभर रुपये कर्ज काढले तर महिन्याला सहा रुपये चार आणे केवळ व्याज. वर्षाचे पंचाहत्तर रुपये, आणि मुद्दल जागच्या जागी. पगाराच्या दिवशी दारात काठी घेऊन उभा राहणारा पठाण ही काही कथाकारांची कल्पना नव्हे. अशा माणसाला 'थोडी बचत करून चांगल्या ठिकाणी गुंतव' असे सांगणे म्हणजे चेष्टाच. साल दरसाल शेकडा पंचाहत्तर देणारा शेअर कोणत्या बाजारात मिळतो? त्याच्यापुरती सर्वांत किफायतशीर गुंतवणूक एकच होती, ती म्हणजे कर्ज फेडणे.

तरीही तो अगदीच बेसावध होता असे मानू नका. त्याची भिशी होती, बायकोच्या गळ्यात चार मणी होते, आणि मुख्य म्हणजे गावाकडे जमिनीचा तुकडा होता. रत्नागिरी-साताऱ्याचा गिरणी कामगार मनिऑर्डर करी, पावसाळ्यात शेतीला जाई, आणि त्याबद्दल पुढाऱ्यांची बोलणी खाई, की हा धड शेतकरी नाही अन् धड कामगार नाही. मीसुद्धा असेच बोललो आहे. परंतु 1928 साली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुमारे सहा महिने चालला तो कशाच्या बळावर? मोठ्या संख्येने कामगार गावी गेले म्हणून. पगार एका ठिकाणी आणि आधार दुसऱ्या ठिकाणी, ही विभागणी त्यांना कोणा अर्थशास्त्र्याने शिकवलेली नव्हती.

आता शहाण्यासुरत्या धनिकांनी याच मुंबईत काय केले तेही पाहू. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैसा इतका आला की तो ठेवावा कुठे हे कळेना. मग बँका निघाल्या, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअरांवर मुदतीचे सौदे झाले. प्रेमचंद रायचंद हे या खेळाचे सूत्रधार. भाव चढले याचे मला नवल वाटत नाही. माणसाला लोभ असतोच. मला लक्षणीय वाटते ती बँक ऑफ बॉम्बेची रीत. ही बँक शेअर तारण घेऊन कर्ज देत होती, आणि त्या कर्जातून पुन्हा शेअरच घेतले जात होते! म्हणजे तारण आणि कर्ज एकाच दोरीला टांगलेले. एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला, आणि 1 जुलैला सौद्यांची मुदत भरली तेव्हा द्यायला कोणापाशीच काही नव्हते. बँकेच्या ज्या शेअरचा भाव 2,850 रुपयांपर्यंत गेला होता तो 87 रुपयांवर आला. 1868 साली बँक बुडीत निघाली. राजाबाई टॉवर तेवढा उरला. प्रेमचंदांनी आईच्या नावाने दिलेल्या देणगीतून तो 1878 साली पुरा झाला.

असो. दुसरा आणा आला तो 1952 साली. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीचा कायदा झाला, तो आरंभी सहाच धंद्यांना लागू होता: कापड, लोखंड-पोलाद, सिमेंट, इंजिनिअरिंग, कागद आणि सिगारेट. वर्गणी किती? शेकडा सव्वासहा, म्हणजे पुन्हा रुपयामागे एक आणा! शंभर रुपये पगारावर कामगाराचे सहा रुपये चार आणे, आणि तितकेच मालकाचे. सावकार जेवढे ओढून नेत होता, नेमके तेवढेच आता त्याच्या स्वतःच्या नावावर जमू लागले. व्याज पहिल्या वर्षी अवघे तीन टक्के होते. आजच्या हिशेबाने कोणी त्याकडे ढुंकूनही पाहणार नाही. परंतु त्या कायद्याचे दहावे कलम मी पुष्कळदा मोठ्याने वाचून दाखवले आहे. सभासदाच्या खात्यावरील रक्कम गहाण टाकता येत नव्हती, दुसऱ्याच्या नावे करता येत नव्हती, आणि कोणत्याही कोर्टाच्या हुकूमनाम्याने तिच्यावर जप्ती येत नव्हती. सावकार चाळीतल्या खोलीपर्यंत येई, फंडापर्यंत येऊ शकत नसे.

माझे वडील 1957 साली बदली म्हणून गिरणीत लागले, पुढे कायम साचेवाले झाले. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पगार गेला, वाण्याची उधारी बंद झाली, आईचे मणी गेले, भिशीही मोडली, कारण भिशीतले सगळे त्याच गिरणीतले! संपानंतर वडिलांना पुन्हा आत घेतले नाही. फंडाचे पैसे पुष्कळ खेटे घातल्यावर हाती पडले. त्यांनी आधी देणी वारली, उरलेले पोस्टात मुदतीने ठेवले, आणि गावच्या घराची कौले बदलली. त्या वेळी मला त्यांचा राग आला होता. एवढ्या पैशात धंदा काढता आला असता असे वाटे.

तसा धंदा काढणारे आणि सल्ला देणारे 1991 नंतर दारोदार येऊ लागले. स्वेच्छानिवृत्तीची एकरकमी रक्कम घेतलेला कामगार त्यांना बरोबर सापडे. आमच्या एका कार्यकर्त्याने सगळी रक्कम सागवानाची झाडे लावणाऱ्या एका कंपनीत घातली. रंगीत कागदावर झाडांचा क्रमांकसुद्धा होता. कंपनी नाहीशी झाली. कागद अजून त्याच्या घरी आहे. ज्यांनी सावधपणे युनिट ट्रस्टची चौसष्टची योजना निवडली त्यांनाही 2 जुलै 2001 रोजी कळले की युनिटे परत घेणे थांबवले आहे. सरकारी छाप पाहून सगळेच एका ठिकाणी ठेवण्यात तरी शहाणपण कुठले?

2015 च्या ऑगस्टमध्ये फंडाच्या नव्या जमेचा पाच टक्के भाग शेअरबाजाराशी जोडलेल्या योजनांत घालण्यास आरंभ झाला, तेव्हा मी सभांतून कडाडून विरोध केला. आज तेवढा आवेश मला राहिलेला नाही. थोडा भाग, पुष्कळ कंपन्यांत वाटून, वर्षानुवर्षे राहिला तर महागाईला तोंड देण्यास त्याचा उपयोग होतो, हे मला मान्य करावे लागते. तीन टक्क्यांच्या व्याजाने वाढत्या भाड्याला पुरे पडत नाही. परंतु तो भाग कोणाचा? ज्याच्या डोक्यावर पहिल्या आण्याचे कर्ज नाही, आणि ज्याच्यापाशी सहा महिन्यांचा दाणागोटा बाजूला आहे, त्याचा.

आणि फंडही आपोआप सुरक्षित राहत नाही. 1996 च्या सुमारास एका कारखान्यात आम्हांला आढळले की, मालक पगारातून वर्गणी कापत होता पण भरत नव्हता. कापलेली वर्गणी न भरणे हा विश्वासघाताचा गुन्हा समजावा, अशी तरतूद 1973 सालीच दंडसंहितेत झालेली होती. तरी पैसे मिळायला नऊ वर्षे लागली, आणि तोवर सात सभासद वारले होते.

त्यामुळे गेटसभेत कोणी मला शेअरचा भाव विचारला की मी त्याला आधी मोबाइल काढून फंडाचे खाते उघडायला लावतो. मागच्या महिन्यात एका दरवाज्यावर असेच चाळीस जणांना उघडायला लावले. अकरा जणांच्या खात्यावर चार महिन्यांची वर्गणी आलेली नव्हती, आणि पगाराच्या चिठ्ठीवर मात्र दर महिन्याची कपात दिसत होती. त्या अकरांचा अर्ज दुसऱ्या दिवशी आम्ही कचेरीत दिला आहे.