अमेरिकेतील इंग्लिश फुटबॉल क्लबांचे समर्थक

अमेरिकेत राहून इंग्लंडमधील एखाद्या व्यावसायिक फुटबॉल क्लबला आपला संघ मानणाऱ्या चाहत्यांचा वर्ग १९९० च्या दशकापासून, आणि विशेषतः २०१३ नंतर, झपाट्याने वाढला आहे. इंग्लंडमध्ये क्लब बहुतेकांना जन्मगावामुळे किंवा घरातील परंपरेने मिळतो; अमेरिकी चाहत्याला तो निवडावा लागतो. ही निवड कशी होते, एकदा केल्यावर ती बदलता येते का, आणि अशा निवडलेल्या निष्ठेला मैदानाशेजारी वाढलेल्या समर्थकाच्या निष्ठेइतके मोल द्यावे का, हे प्रश्न दोन्ही देशांत वादाचे आहेत. अमेरिकेत ‘फुटबॉल’ हे नाव दुसऱ्याच खेळाचे असल्याने तेथे या खेळाला ‘सॉकर’ म्हणतात. हा शब्द मुळात इंग्लंडमधलाच आहे. ‘असोसिएशन’ या शब्दावरून तो एकोणिसाव्या शतकातील विद्यार्थ्यांच्या बोलीत तयार झाला. तरीही इंग्लिश समर्थक तो ऐकून नाक मुरडतात.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९६८ ते १९८४ या काळात नॉर्थ अमेरिकन सॉकर लीग ही व्यावसायिक स्पर्धा चालली. पेले १९७५ ते १९७७ या काळात न्यू यॉर्क कॉसमॉसकडून खेळले, आणि अनेक इंग्लिश खेळाडूही या स्पर्धेत येऊन गेले. ती बंद पडल्यानंतर १९९६ मध्ये मेजर लीग सॉकर सुरू होईपर्यंत देशात त्या दर्जाची मैदानी लीग नव्हती. १९९४ चा विश्वचषक अमेरिकेत भरला, तो या पोकळीच्या काळात. स्पर्धेने खेळाविषयी कुतूहल निर्माण केले; पण विश्वचषक संपल्यावर पुढच्या शनिवारी कोणता सामना पाहायचा, याचे उत्तर देशात नव्हते. १९९२ मध्ये स्थापन झालेली इंग्लिश प्रीमियर लीग या गरजेला सोयीची ठरली. तिचे समालोचन इंग्रजीत होते आणि वृत्तपत्रांतील वार्तांकन वाचायला भाषेची अडचण नव्हती. अमेरिकेत स्पॅनिश भाषकांमुळे मेक्सिकोच्या लीगा एमएक्सचा प्रेक्षकवर्ग फार मोठा आहे. इंग्लिश क्लबांचे समर्थक हा त्याहून वेगळा, त्याच्या शेजारी वाढलेला गट होय.

सुरुवातीच्या चाहत्यांची साधने तुटपुंजी होती. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचे रेडिओ प्रसारण, उशिरा हाती पडणारी ब्रिटिश नियतकालिके आणि उपग्रहाद्वारे सामना दाखवणारे मोजके पब यांवर ते अवलंबून होते. पबमध्ये सामना पाहण्यासाठी अनेकदा दाराशीच पैसे भरावे लागत. आयरिश आणि ब्रिटिश स्थलांतरितांसाठी चालणाऱ्या या पबांमध्येच पुढील काळातील समर्थक मंडळे जन्मली. न्यू यॉर्कमधील ‘इलेव्हन्थ स्ट्रीट बार’ हे लिव्हरपूल समर्थकांचे ठिकाण त्यांपैकी प्रसिद्ध आहे.

प्रक्षेपण

१९९७ मध्ये ‘फॉक्स स्पोर्ट्स वर्ल्ड’ ही वाहिनी सुरू झाली. २००५ मध्ये तिचे नाव ‘फॉक्स सॉकर चॅनल’ झाले. मात्र ती केबलच्या महागड्या संचातच मिळत असे. खरा बदल २०१३-१४ च्या हंगामापासून झाला. एनबीसीने तीन हंगामांचे हक्क सुमारे २५ कोटी डॉलरला घेतले आणि हंगामातील सर्व ३८० सामने उपलब्ध करून दिले. २०२१ मध्ये झालेल्या सहा वर्षांच्या कराराची रक्कम वृत्तांनुसार सुमारे २७० कोटी डॉलर होती.

यातून एक विचित्र स्थिती निर्माण झाली. मैदानावरील गर्दी टिकावी म्हणून ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत सामन्यांचे थेट प्रक्षेपण करू दिले जात नाही, आणि तीन वाजताचे सामने नेमके त्याच वेळेत येतात. त्यामुळे मँचेस्टरमधील तिकीट न मिळालेला समर्थक जो सामना घरी पाहू शकत नाही, तोच ओहायोतील समर्थक न्याहारी करता करता पाहतो.

नव्या हंगामाच्या जाहिरातीसाठी एनबीसीने २०१३ मध्ये अभिनेता जेसन सुडेकिसला घेऊन टेड लासो हे पात्र उभे केले. खेळाचे नियमही न कळणारा हा अमेरिकी प्रशिक्षक जाहिरातीत टॉटेनहॅम हॉट्स्परचा कारभार हाती घेतो. २०२० मध्ये त्याच पात्रावर ‘टेड लासो’ ही मालिका आली. तिच्यातील एएफसी रिचमंड हा क्लब काल्पनिक आहे.

संघाची निवड

क्लब कसा निवडावा, हा अमेरिकेत लेखनाचाच एक विषय झाला आहे. क्रीडा-स्तंभलेखक बिल सिमन्स याने २००६ च्या विश्वचषकानंतर ईएसपीएनच्या संकेतस्थळावर प्रीमियर लीगमधील संघांचा जाहीर विचार करून टॉटेनहॅम हॉट्स्परची निवड केली. इंग्लिश वाचकाला हा प्रकार जोडीदार निवडण्यासाठी निविदा मागवल्यासारखा वाटू शकतो. अमेरिकी वाचकाला मात्र त्यात गैर वाटले नाही, कारण त्याच्यासमोर तोच प्रश्न होता.

प्रत्यक्षात इतक्या विचारपूर्वक निवड करणारे थोडेच असतात. पहिल्यांदा पाहिलेला सामना, महाविद्यालयातील खोलीतला मित्र, इंग्लंडमध्ये शिकताना काढलेले सहा महिने किंवा आवडत्या खेळाडूचे स्थलांतर अशी कारणे अधिक आढळतात. १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘फिफा’ व्हिडिओ गेम मालिकेचा वाटाही मोठा होता. अनेकांना क्लबची नावे, गणवेश आणि खेळाडू आधी पडद्यावरील खेळातून कळले.

या मार्गाचे सर्वांत अनपेक्षित उदाहरण कादंबरीकार जॉन ग्रीन यांचे आहे. इंडियानापोलिसचे रहिवासी असलेले ग्रीन ‘फिफा’ खेळतानाच्या चित्रफिती यूट्यूबवर टाकत आणि त्यांत एएफसी विम्बल्डन हा संघ चालवत. या चित्रफितींच्या जाहिरातींतून मिळणारे पैसे त्यांनी प्रत्यक्षातील क्लबला प्रायोजकत्व म्हणून दिले, आणि किंग्जमेडो येथील मैदानावरील एका प्रेक्षकगॅलरीला त्यांचे नाव मिळाले. मूळ विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्सला हलवण्यास परवानगी मिळाल्यावर समर्थकांनी २००२ मध्ये एएफसी विम्बल्डन स्थापन केला होता. नवव्या श्रेणीपासून सुरुवात करून २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये पोहोचला. संघ गाव सोडून जाण्याचे दुःख अमेरिकेला चांगलेच ठाऊक आहे. ब्रुकलिन डॉजर्स १९५७ च्या हंगामानंतर लॉस एंजेलिसला गेले, सिएटल सुपरसॉनिक्स २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला. इंग्लंडमध्ये असे स्थलांतर अपवादात्मक आहे. शतकभर त्याच वस्तीत असलेला क्लब अमेरिकी चाहत्याला का भावतो, याचे एक कारण येथे सापडते.

मोठा क्लब निवडणाऱ्यावर यशाच्या मागे लागल्याचा आरोप होतो. तो टाळण्यासाठी काही जण मुद्दाम दुर्बल संघ निवडतात आणि मग पदावनतीला सामोरे जातात. अमेरिकेच्या प्रमुख व्यावसायिक लीगमध्ये पदावनती नाही; तळाच्या संघाला उलट पुढील हंगामात नवोदित खेळाडूंच्या निवडीत अग्रक्रम मिळतो. त्यामुळे तळाला गेलेला क्लब खालच्या श्रेणीत ढकलला जातो आणि त्याचे सामने दूरचित्रवाणीवर दिसेनासे होतात, हा अनुभव अमेरिकी समर्थकाला नवा असतो. निष्ठेची पहिली परीक्षा बहुधा तेथेच होते.

समाजशास्त्रज्ञ रिचर्ड जुलियानोटी यांनी २००२ मध्ये फुटबॉल प्रेक्षकांचे चार प्रकार मांडले. मैदान आणि वस्तीशी बांधलेला समर्थक एका टोकाला आणि आवडेल तो संघ पाहत फिरणारा प्रेक्षक दुसऱ्या टोकाला, अशी ही मांडणी आहे. अमेरिकी चाहता या चौकटीत नीट बसत नाही. मैदानापासून तो हजारो किलोमीटर दूर असतो. पण पहाटे चारला उठून पराभव पाहणाऱ्याला केवळ फिरता प्रेक्षक म्हणणेही अवघड आहे.

फुलहॅम आणि अमेरिकी खेळाडू

खेळाडूमुळे क्लब जोडला जाण्याचे सर्वांत ठळक उदाहरण पश्चिम लंडनमधील फुलहॅमचे आहे. जॉन हार्क्स हे प्रीमियर लीगमध्ये खेळलेले पहिले अमेरिकी खेळाडू होत. १९९१ मध्ये शेफील्ड वेन्सडेकडून त्यांनी लीग कपही जिंकला होता. पुढे ब्रॅड फ्रीडेल, टिम हॉवर्ड आणि केसी केलर यांनी अमेरिकी गोलरक्षकांची ख्याती निर्माण केली. परंतु एकाच क्लबमध्ये अमेरिकी खेळाडूंची परंपरा निर्माण झाली ती फुलहॅममध्ये, आणि क्लबला गमतीने ‘फुलहॅमेरिका’ हे नाव पडले.

ब्रायन मॅकब्राइड जानेवारी २००४ मध्ये कोलंबस क्रूकडून तेथे आले. चेहऱ्यावरील जखमांची पर्वा न करता हवेतील चेंडूसाठी झेप घेणाऱ्या या आघाडीपटूवर स्थानिक प्रेक्षकांनीही प्रेम केले. २००७-०८ मध्ये ते कर्णधार झाले, आणि क्रेव्हन कॉटेज मैदानावरील एका बारला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. त्याच हंगामात कार्लोस बोकानेग्रा, केलर, क्लिंट डेम्प्सी आणि एडी जॉन्सन हेही संघात होते. डेम्प्सीने ५ मे २००७ रोजी लिव्हरपूलविरुद्ध केलेला एकमेव गोल संघाला पदावनतीपासून वाचवण्यात निर्णायक ठरला. १८ मार्च २०१० रोजी युरोपा लीगमध्ये युव्हेंटसविरुद्ध गोलरक्षकाच्या डोक्यावरून अलगद उचललेला त्याचा फटका फुलहॅमच्या इतिहासातील सर्वांत स्मरणीय गोलांपैकी एक मानला जातो. पहिला सामना १–३ असा गमावलेल्या फुलहॅमने तो सामना ४–१ असा जिंकला. अंतिम सामन्यात मात्र अ‍ॅटलेटिको माद्रिदने त्यांना अतिरिक्त वेळेत हरवले.

डेम्प्सी २०१२ मध्ये टॉटेनहॅमला गेला. २०१३ मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सचे मालक, लाहोरमध्ये जन्मलेले अमेरिकी उद्योजक शाहिद खान यांनी क्लब विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी क्लबची पदावनती झाली. खेळाडूमागे आलेले चाहते खेळाडूबरोबर निघून जातात असा समज आहे, आणि काही बाबतीत तो खराही ठरतो. क्रिस्टियन पुलिसिक चेल्सीत असताना (२०१९–२०२३) जमलेल्या अमेरिकी चाहत्यांपैकी अनेकांचे लक्ष त्याच्याबरोबर मिलानकडे वळले. फुलहॅमच्या बाबतीत मात्र धागा तुटला नाही. २०१५ मध्ये टिम रीम आणि २०२० मध्ये अँटनी रॉबिन्सन आल्याने दुसऱ्या श्रेणीतील हंगामांतही अमेरिकी समर्थकाला पाहण्यासारखे काही उरले.

सामन्याची वेळ

लंडनमध्ये दुपारी तीनला सुरू होणारा सामना न्यू यॉर्कमध्ये सकाळी दहाला आणि कॅलिफोर्नियात सातला असतो. साडेबाराचा सामना पाहण्यासाठी लॉस एंजेलिसच्या समर्थकाला पहाटे साडेचारपूर्वी उठावे लागते. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे केली जातात, तर ब्रिटनमध्ये शेवटच्या रविवारी. त्यामुळे मधले काही आठवडे हे अंतर एका तासाने घटते आणि दरवर्षी कोणी ना कोणी पहिला अर्धा भाग चुकवतो किंवा बंद पबच्या दारात उभा राहतो. या वेळांमुळे सामना पाहणे हा एक सामूहिक विधी झाला आहे. अंधारात गळ्यात मफलर घालून निघालेली माणसे एकमेकांना ओळखू लागतात. गावातील इतर क्रीडारसिक झोपलेले असताना जमणाऱ्या या मंडळींत परस्परांविषयी जी आपुलकी वाढते, ती अनेकांना क्लबपाशी टिकवून ठेवते.

स्वीकारलेला इतिहास

क्लबबरोबर त्याच्या स्मृतीही स्वीकाराव्या लागतात. १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीमुळे लिव्हरपूलचे ९७ समर्थक मृत्युमुखी पडले. दुर्घटनेनंतर समर्थकांवरच खोटे आरोप छापणाऱ्या ‘द सन’ वृत्तपत्रावर लिव्हरपूल शहरात बहिष्कार आहे, आणि ते वृत्तपत्र कधी हातातही न घेतलेले अमेरिकी समर्थक तो पाळतात. मँचेस्टर युनायटेडचे समर्थक ६ फेब्रुवारी १९५८ च्या म्यूनिक विमान अपघाताचे स्मरण करतात. ज्यांनी हे भोगले नाही त्यांनी त्यावर कितपत हक्क सांगावा, याविषयी मतभेद आहेत. उलट दिशेचे एक उदाहरणही आहे. लिव्हरपूलचे समूहगीत ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे मूळचे १९४५ च्या ‘कॅरोसेल’ या अमेरिकी संगीतिकेतील आहे. गेरी अँड द पेसमेकर्स या स्थानिक गायकवृंदाने ते १९६३ मध्ये गायले आणि तेव्हापासून ते मैदानावर गायले जाऊ लागले.

अमेरिकी मालकी आणि वाद

२००५ मध्ये ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड कर्ज काढून विकत घेतला आणि त्या कर्जाचा भार क्लबवरच टाकला. त्यानंतर लिव्हरपूल, आर्सेनल, चेल्सी, एव्हर्टन असे अनेक क्लब अमेरिकी मालकांकडे गेले. अमेरिकी समर्थकाची यात कोंडी होते, कारण मैदानावरच्या निषेधफलकांत त्याच्या देशाचे नावही असते. १८ एप्रिल २०२१ रोजी सहा इंग्लिश क्लबांसह बारा क्लबांनी युरोपियन सुपर लीगची घोषणा केली. संस्थापक क्लबांना पदावनतीची भीती नसलेली ही रचना अमेरिकी लीगच्या धर्तीची होती. इंग्लंडमधील समर्थक रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत सहाही इंग्लिश क्लबांनी माघार घेतली. अमेरिकेतील समर्थक गटांतूनही या योजनेला विरोध झाला. बंदिस्त लीगपासून वेगळे काही हवे म्हणूनच त्यांच्यापैकी अनेक जण इंग्लिश फुटबॉलकडे वळले होते.

रेक्सहॅमची कथा याच्या विरुद्ध टोकाची आहे. हा क्लब वेल्समधील असला तरी इंग्लिश लीग व्यवस्थेत खेळतो. अभिनेते रायन रेनल्ड्स आणि रॉब मॅकएल्हेनी यांनी तो २०२१ मध्ये पाचव्या श्रेणीत असताना घेतला, २०२२ मध्ये त्यावर माहितीपट मालिका आली, आणि २०२३ ते २०२५ अशा सलग तीन हंगामांत बढती मिळवून तो दुसऱ्या श्रेणीत पोहोचला.

दूरच्या चाहत्यांना इंग्लंडमध्ये हेटाळणीने ‘प्लॅस्टिक’ म्हटले जाते. तिकिटांचे वाढते दर आणि दूरचित्रवाणीसाठी बदलल्या जाणाऱ्या वेळा यांचा राग त्यांच्यावर निघतो, जरी हे निर्णय क्लब, लीग आणि वाहिन्या घेतात. फेब्रुवारी २००८ मध्ये प्रीमियर लीगने ३८ सामन्यांपलीकडे एक जादा फेरी परदेशी शहरांत खेळवण्याचा प्रस्ताव मांडला. ‘एकोणचाळिसावा सामना’ या नावाने तो ओळखला गेला आणि तीव्र विरोधानंतर मागे पडला. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, अमेरिकी प्रेक्षकांच्या वाट्याला प्रामुख्याने हंगामपूर्व मैत्रीपूर्ण सामने आले. २ ऑगस्ट २०१४ रोजी मिशिगन स्टेडियमवर मँचेस्टर युनायटेड आणि रेआल माद्रिद यांचा असाच एक सामना १,०९,३१८ प्रेक्षकांनी पाहिला.